किंमत अर्धी, खर्च पूर्ण

द्राक्षांचा हंगाम बरा गेला की एप्रिलमध्ये निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या तरुण बागायतदारांच्या मोबाइलवर जुन्या महागड्या गाड्यांचे फोटो फिरू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखानदारांत हा मोसम दिवाळीला येतो आणि गंगापूर रोडच्या डॉक्टरांत तो बारमाही असतो. फोटोतली गाडी लांबलचक, बुटकी, चकचकीत. खालचा मजकूरही ठरलेला : सिंगल ओनर, मुंबई पासिंग, चाळीस हजार रनिंग, नवीन साठ लाख, आता निम्म्यात.

तो फोटो पाहून ज्यांचे मन चळले आहे त्यांच्याशी मला बोलायचे आहे. घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासासाठी बांधलेली चांगली गाडी हे मोठे सुख आहे, आणि पहिल्या मालकाने सोसलेली घट ही तुमची बचत आहे. पण एक गोष्ट डोक्यात पक्की करा आणि मगच विकणाऱ्याला फोन लावा. गाडीची किंमत निम्मी झाली आहे, तिच्या सुट्या भागांची झालेली नाही. गाडी आठ वर्षांची झाली म्हणून तिचा हेडलाइट आठ वर्षांच्या भावात मिळत नाही. तो आजच्या भावात मिळतो, आणि गॅरेजवाला मजुरीही साठ लाखांच्या गाडीचीच लावतो. पंचवीस लाखांची नवी एसयूव्ही आणि पंचवीस लाखांची जुनी बीएमडब्ल्यू यांची खरेदी एकाच आकड्यात होत असेल, पुढचा संसार मात्र एका आकड्यात होत नाही.

ग्रँड टूरर किंवा जीटी हा प्रकार युरोपातला. दोन-चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन दिवसभर वेगाने जायचे आणि उतरताना कंबर धरायची नाही, एवढाच त्याचा हेतू. इटलीच्या लान्चियाची १९५१ ची ऑरेलिया बी-२० जीटी ही या घराण्यातली मानाची गाडी. बेंटली कॉन्टिनेंटल जीटी, मासेराती ग्रानतुरिस्मो, जॅग्वार एक्सके ही त्यानंतरची. आपल्याकडच्या जुन्या बाजारात जी खरोखर हाताला लागते ती बहुधा २०१४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज जीटी किंवा २०१८ मध्ये आलेली सिक्स सिरीज जीटी. नाहीतर त्याच कामाची ऑडी ए-७, मर्सिडीजची सीएलएस, जॅग्वार एक्सएफ. दोन दारांच्या गाडीलाच जीटी म्हणावे असे जाणकार म्हणतात, म्हणू द्यावे. आईवडिलांना मागे बसवून शेगावला जायचे तर चार दारे लागतात.

अशा गाडीला शोभेल असा रस्ता नाशिकला आत्ता कुठे मिळाला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, मे २०२३ मध्ये तो भरवीरपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत आला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसारा घाटात कंटेनरच्या मागे फर्स्ट-सेकंडमध्ये रांगण्याऐवजी आता जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून उतरता येते. सिन्नरपुढे गोंद्याला चढलात तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला नागपूर गाठता येते. मोठ्या गाडीत १२० च्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली गुणगुणत असते, आतले बोलणे आवाज न चढवता ऐकू येते, आणि सहाशे किलोमीटरनंतरही चालवणाऱ्याच्या खांद्यात गाठ नसते. यासाठीच ही गाडी घ्यायची. गाडी २४० ची असली तरी रस्त्याची मर्यादा सपाटीला १२० आणि घाटात १०० च आहे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

आता स्वतःला खरे उत्तर द्या. महिन्यातून किती वेळा तुम्ही शंभर-दीडशे किलोमीटरच्या पुढे जाता? धंद्यामुळे मुंबई, संभाजीनगर, इंदूर अशा फेऱ्या नेहमीच्या असतील तर पुढचे वाचा. तुमचे जग कॉलेज रोड, शरणपूर रोड आणि द्वारकेच्या सिग्नलवर संपत असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, आणि तुमच्याकडे पैसा आहे की नाही याचा या उत्तराशी संबंध नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो तापून साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटे सलग चालावी लागते. रोज पाच-पाच किलोमीटर चालवलेल्या गाडीत तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग गॅरेजची वारी. शहरापुरती चालणार असेल तर पेट्रोल घ्या, आणि त्याहून बरे म्हणजे घरातली छोटी गाडी विकू नका. भाजी आणायला, शाळेत सोडायला, मेन रोडच्या गल्लीत शिरायला ती हवीच. सिंहस्थासाठी शहरभर जी खोदाखोदी चालते तिच्यातून बुटकी गाडी काढताना चेंबर दगडावर आदळला आणि ऑइल सांडले, तर हजारांत भागत नाही. गावोगावच्या गतिरोधकांचे तर काय सांगावे. ते बांधणाऱ्याच्या डोळ्यासमोर ट्रॅक्टर असतो.

पैशांचा हिशेब मी असा मांडतो. जेवढी रक्कम या हौसेसाठी मोकळी आहे तिचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी घ्या, तिसरा बँकेत वेगळा ठेवा आणि त्याला गाडीशिवाय कशासाठी हात लावू नका. चोवीस लाख असतील तर गाडी सोळाची. हा कुठल्या कंपनीचा नियम नाही, माझा आडाखा आहे, पण तो पाळणारा माणूस दुसऱ्या वर्षी रडकुंडीला येत नाही. पहिल्या वर्षात जुन्या मालकाने टाळलेली सगळी कामे तुमच्या वाट्याला येतात : चार टायर, बॅटरी, ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे प्लास्टिकचे पाइप, गिअरबॉक्सचे ऑइल. गाडी विकायला काढण्याचे खरे कारण पुष्कळदा याच यादीत दडलेले असते.

बागायतदार मित्रांना हे वेगळे सांगायला नको. बाग विकत घेताना तुम्ही एकरी भावावर थांबत नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, मजुरी धरूनच आकडा बोलता. गाडीपुढे उभे राहिल्यावर ते शहाणपण कुठे जाते कोण जाणे. शिवाय तुमचा पैसा वर्षातून एकदा येतो. मार्चमध्ये अवकाळी झाली, गारपिटीने घड झोडपले, की ते वर्ष कर्ज फिरवण्यात जाते. पण गाडीचा एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर हंगाम पाहून बिघडत नाही. म्हणून एका चांगल्या हंगामाच्या पैशावर अशी गाडी घेऊ नका. आणि कर्ज काढून तर मुळीच नको : जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो आणि गाडीची किंमत हप्त्यांपेक्षा भराभर उतरते.

विम्याकडेही आधीच पाहा. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत विम्यात धरलेली किंमत ठरलेल्या तक्त्याने उतरते, चौथ्या ते पाचव्या वर्षात निम्म्यावर येते. पुढे ती कंपनी आणि मालक यांच्यात ठरते. अपघाताच्या दाव्यात साध्या पॉलिसीवर रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांची ५० टक्के किंमत कापली जाते. आजकालच्या महाग गाडीचे पुढचे तोंड जवळजवळ सगळे प्लास्टिकचेच : बंपर, जाळी, हेडलाइटचे घर. म्हणजे मुंबई नाक्यावर रिक्षा घासली तरी अर्धे बिल तुमचे. घसारा न कापणारे झिरो डेप कव्हर जुन्या गाडीला सहजी मिळत नाही. ते कोणती कंपनी, किती वर्षांच्या गाडीला, किती हप्त्यात देते हे इसार देण्याआधी विचारा. इंजिनात पाणी शिरल्याचे नुकसानही वेगळे कव्हर नसेल तर भरून मिळत नाही. पुराच्या आधी गोदाघाटावरून गाड्या हलवायला सांगतात आणि तरी दरवर्षी कोणीतरी राहतोच, म्हणून हे सांगितले. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू होते का म्हणून बटण दाबू नका. चारही चाके वर घेणाऱ्या गाडीवर चढवून आणा.

कोणती घ्यावी? घरापासून जिचे सर्व्हिस सेंटर जवळ आहे ती. नाशिकच्या माणसाने मुंबई-ठाणे-पुणे धरूनच विचार करावा आणि जायला-यायला लागणारा दिवसही खर्चात मोजावा. शक्य तो भारतात जुळणी झालेली गाडी घ्या. मर्सिडीज चाकणला, ऑडी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ जुळतात. जॅग्वारच्या काही गाड्या पुण्यात जुळल्या. अशा गाडीचे पार्ट थोडे लवकर मिळतात, आणि ती हाताळलेले मेस्त्रीही सापडतात. पूर्ण तयार होऊन परदेशातून आलेल्या गाडीचा एक सेन्सरही जहाजाची वाट पाहायला लावू शकतो.

बेंटली कॉन्टिनेंटल जीटी २००३ मध्ये निघाली. तिच्या पहिल्या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि भाव मोह पडावा इतका खाली आला आहे. तिच्या पुढच्या झाकणाखाली सहा लिटरचे, बारा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन इतके ठासून बसवले आहे की टर्बोचे काम निघाले तर इंजिनच बाहेर काढावे लागते. सरकारचाही वाटा आहे : आयात गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करायची तर एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये शुल्क होते, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात गाडीला ८० हजार. ती गाडी पाहायला जरूर जा, फोटो काढा, चहा प्या आणि परत या.

थ्री सिरीज जीटी हा मला सगळ्यांत समजूतदार पर्याय वाटतो. नेहमीच्या थ्री सिरीजपेक्षा तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ११० मिलिमीटरने जास्त, डिकी ५२० लिटरची, बसायला-उठायला थोडी उंच. दिसायला बेंगरूळ म्हणून नवी असताना ती फारशी खपली नाही आणि म्हणूनच जुन्या बाजारात भाव नरम. ३२० डी घेणार असाल तर आरसीवरचे वर्ष आणि इंजिन दोन्ही पाहा. आधीच्या गाड्यांत १८४ अश्वशक्तीचे, २०१६ च्या बदलानंतर १९० अश्वशक्तीचे इंजिन आहे. दोन्हींत टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे. आधीच्या इंजिनाच्या कुळात ती चेन ढिली पडण्याची तक्रार जगभर गाजली होती. गार इंजिन सुरू करताच मागच्या बाजूने साखळी ओढल्यासारखी खरखर ऐकू आली तर सौदा तिथेच थांबवा. सिक्स सिरीज जीटी मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी त्याहून कितीतरी सुखाची, पण तिच्या मागच्या चाकांना हवेचे फुगे आहेत. रात्रभर उभी ठेवून सकाळी मागचे कोपरे बसलेले नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहा.

तपासणीत घाई करू नका आणि एकटे जाऊ नका. पाहायला येतो तेव्हा इंजिन गार ठेवा असे सांगून जा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्या आधी कोणीतरी काहीतरी झाकले आहे असे समजा. ट्रायल कॉलनीत नको. तासभराची, घाट आणि हायवे दोन्ही असलेली हवी. एसी, सगळ्या काचा, सनरूफ, सीटच्या मोटारी, मागचा कॅमेरा एकेक करून चालवा. गिअर गार असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा झटका देतो का बघा. या बीएमडब्ल्यूंमधला आठ गिअरचा गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे. त्याचे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे गाडी विकणारे सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. माझा विश्वास बनवणाऱ्यावर.

मीटर मागे घेणे हा जुना धंदा आहे आणि डिजिटल मीटरने तो थांबलेला नाही. म्हणून मीटर वाचू नका, गाडी वाचा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे स्टिअरिंग तुळतुळीत, ब्रेक पेडलचे रबर झिजलेले आणि ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली नसते. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायरांवर वेगवेगळी वर्षे आणि वेगवेगळ्या कंपन्या दिसल्या तर मालकाने खर्चात हात आखडला होता, हे न विचारता कळते. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून सगळा इतिहास काढा. शेवटची दोन-तीन वर्षे तिथे कोरी असतील तर गाडी कुठे जात होती, हे बिलांसह दाखवायला सांगा. स्कॅनर लावताना गल्लीतला साधा नको. त्या कंपनीच्या गाड्यांचे सगळे कंट्रोल युनिट वाचणारा हवा. एखाद्या विकणाऱ्याने आदल्या दिवशी सगळे दोष पुसलेले असतात, म्हणून ट्रायलनंतर पुन्हा एकदा वाचा.

मुंबई पासिंगच्या गाडीत पाणी शोधा. २९ ऑगस्ट २०१७ सारख्या दिवशी मुंबईत किती गाड्या दारापर्यंत बुडाल्या हे आठवा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी मातीची रेघ आहे का, सीटच्या बोल्टांना गंज आहे का, डिकीच्या तळाला, कार्पेटखाली कुबट वास येतो का, पाहा. पूर्ण गाडी नव्या कोऱ्या कार्पेटची असेल तर ती स्वच्छता संशयास्पद आहे.

कागदांत मात्र कंटाळा नको. दुकानदाराकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. दुकानदार १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्याच्या रकमेवर भरतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. पूर्ण किमतीवर लावून मागितला तर पावती कशी बनते ते तुमच्या सीएला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट ५० टक्क्यांपर्यंत जात होता तो ४० वर आला. नवीचे भाव उतरले म्हणजे जुनीचेही उतरायला हवेत. घासाघीस करताना हे हत्यार वापरा.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते हेही जाणून घ्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधन घातले. त्याच्या अंमलबजावणीत पुढे बरेच मागेपुढे झाले, पण आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिकडून बाहेर ढकलली जाते ती याच भीतीने. गाडी वाईटच असते असे नाही. खर्च मात्र मोजा : तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथे नवा नंबर घेण्याचा फॉर्म २७, आणि महाराष्ट्राचा कर. आपल्याकडे महागड्या पेट्रोल गाडीला १३, डिझेलला १५ टक्के कर आहे. आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण धरला जाणारा आकडा तुम्ही मोजलेली किंमत नसते, गाडीची मूळ किंमत असते. स्वस्त दिल्लीची गाडी पेठ रोडच्या आरटीओतून बाहेर पडेपर्यंत मुंबईच्या गाडीइतकी होऊन बसते. परराज्याच्या नंबरवर बारा महिन्यांहून जास्त चालवता येत नाही, आणि एजंट काहीही म्हणोत, मी ते करू नका असेच सांगेन.

मुंबई किंवा पुणे पासिंगला हा कराचा प्रश्न येत नाही. तिथे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, ई-चलनांची थकबाकी शून्य, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली, एवढे पाहून मगच शेवटची रक्कम द्या. बोजा उतरवून देतो, आठ दिवसांत पत्र आणतो, या बोलीवर पैसे सोडू नका. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही; तो तुमच्या पॉलिसीत घुसवलेला असेल तर दाव्याच्या वेळी तुम्हीच अडकाल.

घरी आल्यावर गाडीला लागते ते म्हणजे एक चांगला माणूस. नाशिकला यंत्राचे हात कमी नाहीत. मायको सर्कलला जिचे नाव मिळाले ती कंपनी, म्हणजे आजची बॉश, सातपूरला वर्षानुवर्षे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवते. महिंद्रा इथेच, सिएटचे टायर इथेच. पंप-नोझल, सस्पेन्शन, डेंटिंगची कामे उत्तम करणारे इथे मिळतात. पण गाडीच्या संगणकाशी बोलणारा मेस्त्री वेगळा. या गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. फक्त तारा जोडून देणाऱ्याकडे नेली तर तीच बॅटरी लवकर जाते. गाडी घेण्याआधी असा माणूस शोधून ठेवा, तपासायलाही त्यालाच न्या, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतात, पण समृद्धीवर मध्यरात्री तेवढ्यात त्या मापाचा टायर विकणारे दुकान येत नाही. स्टेपनी आहे का पाहा, नसेल तर करून घ्या. त्या सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात निघण्याआधी टायर गार असताना हवा तपासा आणि सहा-सात वर्षांचे टायर, नक्षी कितीही चांगली दिसली तरी, बदला. गाडी बंद पडलीच तर पट्ट्याने ओढू देऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने जातो. चारही चाके वर घेणारी गाडीच मागवा.

पावसाळ्याआधी सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या पाणी जाण्याच्या नळ्या साफ करून घ्या. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नळी तुंबली की तो पाऊस छतातून उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये आणि तिथल्या कंट्रोल युनिटमध्ये जातो. मळ्यातल्या घरी राहत असाल तर दुसरा शत्रू उंदीर. हिवाळ्यात गरम इंजिनावर तो येऊन बसतो आणि वायरिंग कुरतडतो. बॉनेटखालचा दिवा रात्री चालू ठेवण्यापासून तंबाखूच्या पुड्यांपर्यंत लोक काय काय करतात. मला उपयोगी वाटलेला उपाय एवढाच की गाडी दोन-तीन दिवसांत एकदा तरी हलवावी, आणि शेडमध्ये धान्याची पोती ठेवू नयेत. नियमित हलवल्याने बॅटरी टिकते आणि टाकीतले पेट्रोलही शिळे होत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. तुमची गाडी किती इथेनॉलला चालते हे टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते.

आणि हो, लग्नसराईत गाडी मागायला माणसे येणारच. नवरदेवाला बसवून आणायचे, म्हणून चुलत-मावस सगळे येतील. घरच्या लग्नाला द्या, स्वतः चालवा. भाड्याने मात्र कधीच देऊ नका. खासगी विम्यावर भाडे घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

चार-पाच वर्षांनी गाडी विकाल तेव्हा भावात फार जीव अडकवू नका. या गाड्या दुसऱ्या हाताकडून तिसऱ्याकडे जाताना पुन्हा पडतात. नाव मात्र त्याच आठवड्यात बदलून घ्या. गाडी विकल्याचे आरटीओला चौदा दिवसांत कळवणे विकणाऱ्याचे काम आहे आणि तीस दिवसांत नाव चढवणे घेणाऱ्याचे. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताची भरपाई आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. म्हणून गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून डिलिव्हरी नोट करा, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि त्याचा गाडीसोबतचा फोटो ठेवा, फास्टॅग बंद करा, गाडीच्या संगणकात जोडलेला आपला फोन आणि घरचा पत्ता पुसून टाका, आणि नव्या नावाची आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत फॉर्म २९ ची पोच जपून ठेवा.